लिंक गेली वो!

लग्नानंतरचं पहिलं सव्वा वर्ष माझे सासरे माझ्याशी एक शब्दही बोलले नाहीत. रागबिग काही नव्हता. त्या घरात सासऱ्यानं सुनेशी थेट बोलायची पद्धतच नव्हती. मी समोर उभी असले तरी ते सासूबाईंना सांगत, "तिले म्हणा, भाजीत मीठ कमी हाये." सासूबाई माझ्याकडे वळून म्हणत, "भाजीत मीठ कमी हाये." मी म्हणायची, "बरं." मग त्या पुन्हा त्यांच्याकडे वळत. "बरं म्हणते." आम्ही तिघंही एकाच स्वयंपाकघरात असायचो, हात लांब केला तर एकमेकांना लागेल इतक्या अंतरावर.

आमच्याकडे सुना सासऱ्यांना मामाजी आणि सासूबाईंना आत्याबाई म्हणतात. मी बोरगाव मेघेची, वर्ध्याच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकलेली, आणि लग्न करून आले तळेगावला, जिथे मामाजींचं शेतीच्या औषधांचं दुकान होतं. बियाणं, फवारणीची औषधं, फवारणीचे पंप. नवरा अमरावतीला नोकरीला. शनिवारी संध्याकाळी यायचा, सोमवारी सकाळी पहिल्या बसनं जायचा. बाकी दिवस घरात आम्ही तिघं आणि मामाजींची थोरली बहीण. त्यांना घरातलेच काय, सगळं गाव जिजी म्हणायचं.

दुकानात एक कॉम्प्युटर होता. कंपन्यांची माणसं येऊन त्यात आपापले पेन ड्राइव्ह खुपसत, त्यामुळे त्याला कायम कुठला ना कुठला व्हायरस झालेला असायचा. पुढच्या उन्हाळ्यात तो चालूच होईना, तेव्हा मी नवऱ्यामार्फत निरोप पाठवला की यावर विंडोज काढून लिनक्स टाकते, व्हायरसची कटकट जाईल. मामाजींचा निरोप उलट आला, "तिले विचार, थे फुकटात काऊन देते?" याचं पटेल असं उत्तर मला कॉलेजात कोणी शिकवलं नव्हतं. पण दुसरा इलाज नव्हता. मी लिनक्स टाकलं आणि कॉम्प्युटर चालू झाला.

मग घरी ब्रॉडबँड आलं, आणि मामाजींना ते दुकानात हवंसं वाटू लागलं. संत्र्याचा भाव बघायचा, पावसाचा अंदाज बघायचा, कंपन्यांचे मेल बघायचे. फोनची लाइन मात्र घरी होती, दुकानात नाही. दुकान आमच्या गल्लीच्या तोंडाशी, रस्त्यापलीकडे. माझ्या वरच्या खोलीच्या खिडकीतून त्याचं शटर सरळ समोर दिसायचं. आम्ही आधी रस्त्यावरून वायर नेली. ती चौथ्या दिवशी संत्र्याच्या एका उंच भरलेल्या गाडीनं सोबत नेली. म्हणून नवऱ्यानं नागपूरहून दोन वायरलेस कार्डं आणली. एक मी वरच्या खोलीतल्या जुन्या कॉम्प्युटरला बसवलं आणि लिनक्सवरून त्यालाच ॲक्सेस पॉइंट केलं. म्हणजे नेट हवेतून सोडायचं काम त्याचं. दुसरं कार्ड दुकानातल्या कॉम्प्युटरला. दोन्हीकडे पडद्यावर एका ओळीत लिंक क्वालिटीचा आकडा यायचा, तो बघून किती जोर आहे ते कळायचं. तेव्हापासून घरात त्या सगळ्या प्रकरणाचं नावच लिंक पडलं.

पोळ्याच्या सुमारास लिंक लागली आणि दसऱ्यापर्यंत झकास चालली. मामाजी गिऱ्हाइकाला पंप बांधून देता देता नागपूरचा संत्र्याचा भाव सांगू लागले. आत्याबाईंनी शेजारच्या बायकांना वर आणून माझं ॲक्सेस पॉइंट दाखवलं. एकीनं त्याला हात लावून बघितला आणि म्हणाली, "गरम लागते वं." बहुतेक तेवढंच कौतुक माझ्या वाट्याला आलं.

दसऱ्यानंतर लिंक जायला लागली. अगदी मेली असती तर सोपं होतं. ती जायची आणि यायची. सकाळी दहाला जायची, साडेदहाला यायची, अकराला सात वेळा यायची-जायची. एखाद्या दिवशी अजिबात जायची नाही आणि आपण निर्धास्त झालो की दुसऱ्या दिवशी दिवसभर गायब.

आता दुरुस्ती करायची म्हणजे दोन्ही टोकांना एकेक माणूस हवं. वरच्या खोलीत मी, दुकानात मामाजी. आणि आम्ही तर एकमेकांशी बोलत नव्हतो! मग मामाजी आत्याबाईंच्या मोबाइलवर फोन करत. आत्याबाई फोन कानाला लावून माझ्या शेजारी पलंगावर बसत.

"काय म्हणून राह्यले?" मी विचारायची.

"नाई म्हणून राह्यले."

"काय नाही?"

"काहीच नाई म्हणते."

"पडद्यावर काय लिहून आलंय ते विचारा ना."

आत्याबाई विचारत. तिकडून मामाजी इंग्रजीतली ती लांबलचक ओळ अक्षर अक्षर वाचून दाखवत. मला फोनमधून त्यांचा आवाज बारीक ऐकू यायचा. आत्याबाई दोन मिनिटं गंभीरपणे मान डोलावत आणि मला सारांश सांगत, "इंग्रजीत हाये."

फोन मला घ्यायचा धीर नव्हता आणि द्यायचा त्यांना. एकदा मी फक्त कान जवळ नेला, तर तिकडून मामाजींना कसं कोण जाणे, कळलं. ते एकदम गप्प झाले.

घरात प्रत्येकाचं निदान वेगळं होतं. मामाजींचं निदान लिनक्स. "तिले म्हणा, फुकटाचं हाये, टिकन कसं?" जिजींचं निदान पारवे. पारवे वायरींवर बसून शिटतात म्हणून टीव्ही खराब दिसतो हे त्यांना पक्कं माहीत होतं. यात वायरच नाही हे मी सांगितल्यावर त्या म्हणाल्या, "मंग थे हवेत उडूनच आडवे येत असतीन." आत्याबाईंना नजर लागल्याचा संशय होता, आणि संशयित म्हणून "गरम लागते वं" म्हणणारी शेजारीण.

माझं निदान दर दोन दिवसांनी बदलायचं, पण मी ते इंग्रजीत मनाशी बोलत असल्यामुळे मला ते शास्त्रीय वाटायचं. आधी मी विजेवर घेतलं. व्होल्टेज कमी होतं, कार्ड बंद पडतं. नवऱ्याला यूपीएस आणायला लावला. फरक शून्य. मग ड्रायव्हरवर, म्हणजे कार्ड चालवणाऱ्या सॉफ्टवेअरवर घेतलं. कार्डाचा ड्रायव्हर काढला, दुसरा टाकला, मग तिसरा, मग पुन्हा पहिला. लॉग नावाची एक फाइल असते, त्यात कॉम्प्युटर दिवसभर काय झालं ते लिहून ठेवतो. ती मी पोथीसारखी रोज वाचू लागले. त्यात दुकानाचं कार्ड आलं, गेलं, आलं, गेलं, एवढंच लिहिलेलं असायचं. का गेलं ते नाही. वायरलेसचे चॅनल बदलून पाहिले. सगळे चॅनल संपले.

मग एक दिवस खरंच काहीतरी सापडलं. दुकानातल्या कार्डाचं पॉवर मॅनेजमेंट चालू होतं. म्हणजे काम नसलं की कार्ड वीज वाचवायला डुलकी काढायचं. मी एका आदेशानं त्याची झोप बंद केली. तीन दिवस लिंक गेली नाही. मी आत्याबाईंमार्फत निरोप पाठवला की दोष सापडला. मामाजींचा निरोप आला, "बरं झालं म्हणा." मला त्या दोन शब्दांचा फार आनंद झाला. चौथ्या दिवशी लिंक गेली.

याच आठवड्यात जिजींना दम लागून आर्वीच्या दवाखान्यात न्यावं लागलं होतं. तीन दिवसांनी त्या घरी आल्या. त्यांना बघायला माणसं येऊन-जाऊन होती, आणि बाहेर पडताना हळू आवाजात एकमेकांशी बोलत होती, "आता किती दिवसाच्या!" जिजी मात्र दुसऱ्या दिवशी सकाळीच उठून मागच्या अंगणात उन्हात लसूण सोलत बसल्या.

त्या सकाळी मी ठरवलं की आज सोक्षमोक्ष लावायचा. पण मामाजी मोबाइल घरीच चार्जिंगला विसरून गेले होते. आत्याबाई म्हणाल्या, "फोन कायले पाहिजे? मी खिडकीतून आवाज देतो." त्यांचा आवाज म्हणजे शेतात एका धुऱ्यावरून दुसऱ्या धुऱ्यापर्यंत जाणारा. ठरलं असं की माझ्या पडद्यावर लिंक गेली की त्यांनी ओरडायचं, आणि मामाजींनी दुकानातून सांगायचं की तिकडे काय दिसतं. मी हे मामाजींना चिठ्ठीवर लिहून पाठवलंही.

मी पिंग चालू केलं. पिंग म्हणजे इकडून तिकडे सारखी हाक मारत राहायची आणि ओ येते का बघायचं. ओ येत होती, येत होती, मग थांबली.

"गेली," मी म्हटलं.

आत्याबाईंनी खिडकीचे गज धरले. "गेली वो!"

दुकानातून काही उत्तर नाही. मामाजी त्याच वेळी मागच्या गोदामात कोणाला तरी औषध दाखवत होते. आत्याबाईंनी पुन्हा श्वास भरला. "अवो! गेली! गेली वो!" आणि उत्तर येत नाही म्हणून तिसऱ्यांदा, गळा फाटेस्तोवर, "गेऽऽली!"

मी पडद्याकडे बघत होते, त्यामुळे खाली काय चाललंय ते मला कळलं नाही. आधी समोरच्या किराणा दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. मग ओट्यावर चपलांचा आवाज, बराच. खिडकीतून वाकून बघितलं तर पदर डोळ्यांना लावलेल्या चार बाया आणि टोप्या हातात घेतलेले सात-आठ पुरुष आमच्या दारात उभे. एक जण दुसऱ्याला सांगत होता, "सकाळीच जाईन अशी वाटत नव्हती बाप्पा." कोणीतरी अमरावतीला पोराला फोन लावायच्या गोष्टी करत होतं.

आत्याबाई आणि मी जिन्यावरून धावतच खाली आलो. तेवढ्यात गलका ऐकून मागच्या अंगणातून, हातात लसणाची परडी घेऊन, जिजी बाहेर आल्या.

"कोण गेली वं?" त्यांनी विचारलं.

पदर लावलेली एक बाई एक पाऊल मागे सरकली.

"लिंक," मी म्हटलं. "लिंक गेली, जिजी."

"अगं बाई," जिजी हळहळल्या. "कोणाची होय थे?"

मागून एक म्हातारे गृहस्थ म्हणाले, "लहान होती का?"

त्याच क्षणी मामाजी पोहोचले. एका पायात चप्पल होती, दुसऱ्यात नव्हती. गोदामातून बाहेर आले तर शटरं बंद होताना दिसली आणि कोणीतरी सांगितलं की तुमची जिजी गेली, म्हणून ते तसेच धावत सुटले होते. माणसांना बाजूला सारत ते पुढे आले आणि त्यांना परडी घेतलेल्या जिजी दिसल्या. ओट्यावर बसले. धोतराच्या सोग्यानं तोंड पुसलं. मग पुन्हा पुसलं. जिजींनी त्यांच्या डोक्यावर लसणाचा हात ठेवला.

"मी नाई गेली रे," त्या म्हणाल्या. "लिंक म्हणून कोणीतरी गेली म्हणते."

जमलेल्या माणसांना तसंच कसं पाठवायचं, म्हणून आत्याबाईंनी मोठं पातेलं चढवलं. सगळे चहा पिऊन गेले. जाताना काहींनी जिजींच्या पाया पडून घेतलं. मी दाराआड उभी होते, आता काय काय ऐकावं लागेल असं मनात म्हणत. मामाजी उठले आणि दाराशी आले. भिंतीकडे नाही, आत्याबाईंकडे नाही, सरळ माझ्याकडे बघितलं.

"हे पाह्य," ते म्हणाले. "आजपासून थे काही गेलं, आलं, तर मले सांगजो. डायरेक्ट. मधात कोणी नको."

"हो मामाजी," मी म्हटलं.

आणि शेजारून आत्याबाई सवयीनं म्हणाल्या, "हो म्हणते."

दुसऱ्या दिवसापासून मामाजी स्वतः फोनवर आले. पहिल्या फोनला दोघंही अवघडलेले. दोघांचंही दोन दोनदा "हॅलो" म्हणून झालं. मग ते खाकरून म्हणाले, "काय पाहू?" मी त्यांना लिंक क्वालिटीची ओळ कुठे दिसते ते सांगितलं. त्यांना ती लगेच सापडली. सव्वा वर्ष मी ज्यांना कॉम्प्युटरचं काही कळत नाही असं समजत होते, ते इंग्रजी आकडे आणि अक्षरं खणखणीत वाचत होते. औषधाच्या बाटल्यांवरची बारीक इंग्रजी अक्षरं आयुष्यभर वाचलेला माणूस तो. मधात आत्याबाई होत्या म्हणून मला पत्ता नव्हता.

"एकेचाळीस," ते सांगत. "अडतीस. एकेचाळीस. बावीस. अवं, सतरा. आता एकदम छत्तीस. हे काय होऊन राह्यलं?"

"वारा आहे का तिकडे?" मी सहज विचारलं. झाडाची फांदी वगैरे आडवी येत असेल असं मनात होतं.

"वारा हाये थोडासा. पण झाड नाई इथं एकबी."

मग मी म्हटलं की उद्या सकाळी दुकान उघडण्याआधी कॉम्प्युटर चालू करा, आणि मग रोज जे जे करता ते सगळं करा, फोन चालू ठेवून. मी खिडकीत बसून बघते.

सकाळी त्यांनी अर्धं शटर वर केलं, आत जाऊन कॉम्प्युटर लावला. माझ्या पडद्यावर आकडा आला अठ्ठेचाळीस. दसऱ्यानंतर इतका कधीच नव्हता. त्यांनी पूर्ण शटर उघडलं. चोपन्न. झाडलं, उदबत्ती लावली. चोपन्नच. मग ते आतून फवारणीचा एक पंप घेऊन आले आणि दाराच्या वरच्या लोखंडी दांडीला टांगला. पाठीवर घ्यायचा, स्टीलच्या टाकीचा, चकचकीत. आकडा सत्तेचाळीस झाला. दुसरा पंप टांगला. एकोणचाळीस. तिसरा. तीस.

"मामाजी!" मी फोनमध्ये ओरडले. "पंप काढा!"

"काऊन? गिऱ्हाईक आलं का?"

"नाही. पंपामुळेच लिंक जाते. काढून बघा."

त्यांनी एक काढला. मी आकडा सांगितला. दुसरा काढला. आकडा सांगितला. मग ते पाच मिनिटं नुसते पंपाकडे बघत उभे राहिले. पुढचा अर्धा तास त्यांनी जे केलं ते कॉलेजातल्या कुठल्याही सरांनी मला करून दाखवलं नव्हतं. एक पंप लावला, काढला. दोन लावले, काढले. प्लास्टिकच्या टाकीचा लावला, आकडा हलला नाही. मग स्टीलचा लावला, आकडा पडला. पंपाला हातानं झोका दिला, तसा आकडा वर-खाली झाला. तेव्हा वाऱ्याचंही कोडं सुटलं. रस्त्यावर थांबून बघणाऱ्यांची संख्या वाढत गेली. कोणी विचारलं तर मामाजी हात करत, "थांबा, मोजून राह्यलो."

मग सगळं जुळलं. पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत फवारणीचा जोर. पंप येतील तसे विकले जात, टांगायला उरतच नसत. दसऱ्यानंतर विक्री थंडावली आणि दांडीवर सात सात पंप लटकू लागले. त्यांच्या बरोबर मागे, काउंटरवर, आमच्या कार्डाचा अँटेना.

मामाजी इतके खूश झाले की त्या दिवशी आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकाला म्हणाले, "हा स्टीलचा घेऊन जा बाप्पा, याच्यानं नेट बंद पडते." गिऱ्हाईक पंप हातात घेऊन विचारात पडलं आणि म्हणालं, "मंग नाई पाहिजे. माह्या घरचा टीव्ही बंद पडन." आणि प्लास्टिकचा घेऊन गेलं.

पंप दुसरीकडे टांगा, असं मी सुचवून पाहिलं. त्याला मामाजी तयार नव्हते. हायवेवरून येणाऱ्या माणसाला लांबून पंप दिसतात म्हणून तो दुकानाकडे वळतो, ते हलायचे नाहीत. मग अँटेना हलवायचं ठरलं. कार्डाला लांब वायरीचा अँटेना लावला आणि मामाजींनी स्वतः शिडीवर चढून तो दुकानाच्या पाटीच्या वर बांधला. खालून शिडी आत्याबाईंनी धरली होती. मी खिडकीतून फोनवर आकडे सांगत होते आणि ते "थोडा डावीकडं घेऊ का?" विचारत होते. एकसष्टवर आम्ही थांबलो. त्यानंतर लिंक गेली तर फक्त लाइट गेल्यावर.

शनिवारी नवरा आला. आल्या आल्या त्यानं बघितलं की त्याचे वडील स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात बसून मला विचारत आहेत, "चॅनल सहाच ठेवाचा का अकरा करून पाहाचा?" तो पिशवी हातात धरून तसाच उभा राहिला. मग आत जाऊन आईला विचारलं, "बाबाची तब्येत बरी हाये ना?"

महिन्याभरानं आर्वीच्या एका कपड्याच्या व्यापाऱ्याचा मामाजींना फोन आला. त्याच्या दुकानात नवीन वायरलेस बसवलं होतं आणि ते सारखं बंद पडायचं. मामाजींनी मला स्कूटरवर मागे बसवलं. रस्ताभर डोक्यावरचा पदर मी दातात धरून ठेवला होता. ते गाडीच्या आवाजावर ओरडून मला पॉवर मॅनेजमेंट समजावून सांगत होते, आणि मी "हो मामाजी" म्हणत होते.

दुकानात गेल्यावर मला एका नजरेत कळलं की ॲक्सेस पॉइंटच्या अडॅप्टरची पिन सॉकेटमध्ये ढिली बसते. गल्ल्याच्या ड्रॉवरला धक्का लागला की ती सुटायची. मी मामाजींच्या कानाशी जाऊन हळूच सांगितलं.

"बरं," ते तितक्याच हळू म्हणाले. "पण लगेच नको सांगू. एवढ्या लांबून आलो. तू थोडं थे काळं उघडून बस."

व्यापाऱ्याच्या कॉम्प्युटरवर मी आदेश टाइप करायची काळी खिडकी उघडली आणि पिंग चालू केलं. ओळींमागून ओळी येऊ लागल्या. व्यापारी आणि त्याचे दोन्ही भाऊ माझ्या मागे येऊन उभे राहिले. मामाजी हाताची घडी घालून पडद्याकडे बघत अधूनमधून "हं… हं" करत होते. आतून समोसे आले, चहा आला. मामाजींनी पहिली बशी उचलून माझ्या हातात दिली आणि व्यापाऱ्याला म्हणाले, "तिले आधी खाऊ द्या. काम बारीक हाये."